बलवान म्हणजे काय हो?

परवा चिरंजीवांशी कडाक्याचे भांडण झाले. कारण ऐकून हसाल मंडळी, पण सांगतोच. कारण होते पोकेमॉन!

'पोकेमॉन मिस्टरी डन्जन' हा मूळचा २००५ सालचा जपानी खेळ. २०२० मध्ये तो नव्या रूपात निन्टेंडो स्विचवर आला आणि आमच्या घरीही शिरला. यात माणूसच पोकेमॉन होतो. सुरुवातीला खेळ तुमच्या स्वभावाचे प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून तुम्ही कोण ते ठरवतो. मग जोडीदार निवडायचा आणि भुयारांत उतरायचे.

नातवाने अगदी मनापासून उत्तरे दिली. निघाला क्यूबोन. मेलेल्या आईची कवटी डोक्यावर घालून हिंडणारे एकटे पिल्लू. पोर हरखले. तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "हा कसला रडका! बदल." नव्या खेळात निकाल नाकारता येतो. नेटवरच्या कुठल्याशा 'सर्वांत बलवान' यादीतून मडकिप पुढारी झाला, चारमँडर जोडीदार. पोर गप्प बसले.

पुढे विजेच्या डोंगरावर झॅपडॉस भेटला. मडकिप पाण्याचा, त्याला वीज जास्तच झोंबते. या खेळात पुढारी पडला आणि जिवंत करणारे बी जवळ नसले की मोहीमच संपते. तीनदा हरलो.

आता क्यूबोन बघा. तो जमिनीचा, त्याच्यावर विजेची मात्रा फारशी चालत नाही. उलट त्याचे जमिनीचे हल्ले उडणाऱ्या झॅपडॉसला फारसे लागत नाहीत, हेही कबूल. म्हणूनच तर जोडीदार! पुढे क्यूबोनने वीज झेलावी, मागून चारमँडरने आग ओकावी. एकाचे उणे ते दुसऱ्याचे अधिक. पण यादीत एकेकट्याचे बळ मोजलेले असते, जोडीचे नाही. मूळ खेळात तर स्वतःच्याच प्रकारचा जोडीदार घेताच येत नसे. करणाऱ्यांना अक्कल होती म्हणायची.

जन्मभर शाळेत शिकवले. मॉनिटर निवडताना सुरुवातीला मीही सर्वांत दांडगा मुलगा निवडायचो. वर्ग शांत बसे, पण माझी पाठ वळेपर्यंतच! पुढे शहाणा झालो. मार खाऊनही खोटे न बोलणारा एक आणि त्याच्या शेजारी एक बडबड्या, अशी जोडी लावू लागलो. ती वर्षभर टिके.

चिरंजीव म्हणतात, "बाबा, खेळ आहे, जिंकायलाच खेळायचा." अरे, पण जिंकलास कुठे? आणि मुलाने स्वतःबद्दल खरे सांगितल्यावर बापाने "बदल" म्हणावे, हा कुठला खेळ? आज कवटीवाला बदलला, उद्या त्याच यादीतून त्याची शाखा निवडाल, परवा नोकरी.

काल चिरंजीव ऑफिसात असताना आम्ही दोघांनी पहिल्यापासून सुरू केले. प्रश्न पुन्हा वाचले, उत्तरे पुन्हा खरीच दिली. या खेपेला निकाल काय लागला ते सांगणार नाही. एवढेच सांगतो, तो आम्ही बदलला नाही.

असो. बघा पटतेय का.