टिमॉन मराठीत का बोलत नाही?

पोस्ट मोठी आहे आणि चिडून लिहिली आहे. कार्टून म्हणजे पोरखेळ असं ज्यांना वाटतं त्यांनी तर नक्की वाचा.

5 जुलै 2025 आठवतोय ना? वरळीच्या डोममध्ये दोघे ठाकरे बंधू एका व्यासपीठावर होते. पहिलीपासून हिंदी नको म्हणून सगळा महाराष्ट्र तापला होता, सरकारला जीआर मागे घ्यावा लागला होता. मीही त्यात होतो, स्टेटस ठेवण्यापासून नाक्यावर भांडण्यापर्यंत. त्यानंतर बरोबर वीस दिवसांनी, 25 जुलैला 'महावतार नरसिंह' लागला. तेव्हा आम्हीच पोरांना आणि आजीला घेऊन तो हिंदीत बघून आलो. करणार काय? हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम अशा पाच भाषांत होता, मराठीत नव्हताच. नरसिंह कुलदैवत असलेली कितीतरी घरं आपल्याकडे आहेत, नीरा नरसिंहपूरला दर वर्षी माणसं जातात. तरी कोणी हूं की चूं केलं नाही. मी पण नाही केलं, खोटं कशाला बोलू.

त्याच्याच आधीच्या आठवड्यात 'येरे येरे पैसा 3'ला शो मिळत नाहीत, 'सैयारा'साठी आपला पिक्चर काढतात, म्हणून केवढा गदारोळ झाला होता. तो व्हायलाच हवा होता. आपल्याच राज्यात आपल्या पिक्चरला सकाळी नऊचा शो आणि कोपऱ्यातला पडदा, हे चालू देऊ नये. पण 'नरसिंह'सुद्धा काही मोठ्या थाटात लागला नव्हता. पहिल्या दिवशी दोन कोटींच्या आसपास, आणि मग लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तीनशे कोटींच्या वर नेला. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे हिंदी आवृत्तीचे. त्यात आपल्या खिशातले किती, अंदाज करा.

आता आपल्या विनोदी पिक्चरांबद्दल. मी जवळपास सगळे थिएटरात बघतो, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. 'नाच गं घुमा' मस्त. मोलकरीण आणि मालकीण यांची भांडणं कुठल्या घरात होत नाहीत? 2025च्या 1 मेला तर दोन पिक्चर एकदम आले. 'गुलकंद' ठीक, हास्यजत्रेची मंडळी आहेत म्हणून हसू येतं, पण मध्ये मध्ये स्किट ताणल्यासारखं वाटतं. 'आता थांबायचं नाय' मात्र खरा. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, आणि अख्ख्या पिक्चरमध्ये त्यांची टिंगल करून हसू काढलेलं नाही. 'नवरा माझा नवसाचा 2'बद्दल एवढंच, की पहिल्या भागातली एसटी परत आणा, रेल्वेत ती मजा नाही.

पण या सगळ्यांचा प्रेक्षक कोण? माझ्या वयाचे. माझा पुतण्या तिसरीत आहे, मराठी शाळेत. त्याला म्हटलं, चल मराठी पिक्चरला. तर म्हणाला, "काका, मराठी पिक्चर म्हणजे आईबाबांचा पिक्चर." त्याचं चुकलं नाही. त्याचा पिक्चर म्हणजे 'इनसाइड आऊट 2', 'मुफासा', सगळं हिंदीत. सिंहही हिंदीत डरकाळी फोडतो. हसायचं कशाला हे तो हिंदीत शिकतोय, कारण घरी येऊन तेच डायलॉग मारतो. दहा वर्षांनी हाच मुलगा मराठी विनोदी पिक्चरचं तिकीट काढेल असं तुम्हाला खरंच वाटतं?

"मुलांना हिंदी कळतं की, मग खर्च कशाला?" हे मला दर वेळी ऐकवतात. अहो, कळतं हो. गोष्ट तर आवाज बंद करूनही कळते. विनोद मात्र कानाने चालतो. 'काय राव', 'गप ए', 'हात तिच्या' यांत जे आहे ते दुसऱ्या भाषेत उतरत नाही, तसंच त्यांचं आपल्यात येत नाही. म्हणून तर डबिंग करताना जोक नव्याने लिहावे लागतात. आणि ते लिहिणारे, बोलणारे आपल्याकडे नाहीत का? 'लायन किंग'मधला टिमॉन हिंदीत कोण बोललं? श्रेयस तळपदे. 'पुष्पा'चा हिंदी आवाज कोणाचा? तोच. आपला माणूस दुसऱ्यांच्या पोरांना हसवतो, आणि आपल्याला टिमॉन मराठीत हवाय हे आपण कधी मागितलंच नाही. पुम्बाचा आवाज समीर चौघुलेंना द्या आणि बघा.

अशक्य काही नाही. 2023 साली 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात इंग्रजी धरून दहा भाषांत आणला होता आणि त्यात मराठी होती! त्यात पवित्र प्रभाकर नावाचा आपला देशी स्पायडर-मॅन आहे, मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेल्या 'मुंबॅटन'मध्ये राहणारा. 'चाय टी' म्हणणाऱ्याला तो झापतो तो सीन तर कमाल. मी मराठी शो शोधत तीन थिएटरं पालथी घातली. तिसऱ्या ठिकाणी खिडकीवरचा पोरगा माझ्याकडे बघून हसला. मराठी पोरगा. शेवटी हिंदीत पाहिला.

आणि स्वतःचं कार्टून काढायला पैसा नाही हे तर सांगूच नका. लातविया नावाचा देश आहे, अख्खी लोकसंख्या वीस लाखांच्या आत, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षा कमी. तिथल्या दिग्दर्शकाने 'फ्लो' काढला. एक मांजर, पूर, एक होडी, संवाद एकही नाही. ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला आणि 2025चा ऑस्कर नेला. समोर पिक्सार होतं. आपल्याकडे फास्टर फेणे आहे, बोक्या सातबंडे आहे, चिंटू तर आधीच काढलेला आहे, फक्त हलवायचाय. या तिघांवरही पिक्चर आले, पण खरी माणसं घेऊन. आणि शंभरएक वर्षांपूर्वी आगकाड्या एकेक सरकवून 'आगकाड्यांची मौज' करणारे फाळके कुठले होते? आपल्या त्र्यंबकचे.

जे पक्ष पडद्यांसाठी थिएटरात घुसतात त्यांना माझी एकच विनंती. पुढच्या वेळी निवेदन देताना त्यात एक ओळ वाढवा: मुलांचा जो पिक्चर हिंदीत डब होऊन महाराष्ट्रात लागेल, तो मराठीतही लागला पाहिजे, आणि दुपारच्या शोला लागला पाहिजे. आपणही खिडकीवर "मराठीत आहे का?" एवढं विचारून मगच तिकीट काढू या. नाही म्हणाले तर दोनदा विचारा.

आणि तो स्पायडर-मॅन मराठीत कोणी खरंच पाहिला असेल तर कमेंटमध्ये थिएटरचं नाव टाका. मला अजून सापडलेलं नाही.