दारातल्या ताईंना, दिव्याहून

ताई,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. सकाळी आठच्या सुमाराच्या फास्टला लेडीज डब्यात दाराच्या दांड्याला टेकून उभ्या असता, त्या तुम्ही. पत्र वाचलंत तर ओळखालच. नाही ओळखलंत तर ग्रुपमधली कोणीतरी दाखवेल.

कोपर मागे पडलं की तुम्ही पर्स पोटाशी घेता, पाय रोवता आणि हात आडवा लावता. दिवा येतं. फलाटावरच्या आम्ही बायका गाडी थांबायच्या आतच पुढे सरकतो आणि वरून ठरलेलं वाक्य येतं, "आत जागा नाही, मागची बघा." मागची काय रिकामी येते? तुमच्या पाठीमागे दोघी सहज मावतील एवढी जागा मला खालून दिसत असते. पण धक्काबुक्कीचं मी मनावर घेत नाही. लोकलमध्ये कोण कोणाला सोडतं? मनाला लागलं ते वेगळंच. त्या दिवशी मी कशीबशी आत शिरले, ओढणी सावरत होते आणि तुम्ही मैत्रिणीला म्हणालात, "यांच्यासाठी फास्ट थांबवायचीच कशाला? वस्तीच तसली."

तसली म्हणजे कसली, ताई?

माझे सासरे लालबागला गिरणीत होते. 1982 चा संप त्यांच्यापुरता कधी संपलाच नाही. चाळीतली खोली गेली, मग भांडुपला भाड्याने, मग कळव्याला, आणि शेवटी दिवा पूर्वेला स्वतःची म्हणावी अशी एक खोली. दिवाच का, तर इथल्या खोल्या खिशाला झेपत होत्या आणि सावंतवाडीची पॅसेंजर इथून सुटते. माझ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं कोकणातली आहेत. गणपतीला निम्मी बिल्डिंग कुलपात असते.

इमारतीला परवानगी नव्हती, म्हणून बँकेने कर्ज दिलं नाही. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून व्यवहार झाला. पतपेढीचे हप्ते आणि सासूबाईंच्या पाटल्या, एवढ्यावर हे घर उभं आहे. घरपट्टीचं बिल वेळेवर येतं, लाइटचं मीटर आहे, मतदार यादीत नावं आहेत, फक्त इमारत कागदावर नाही. जवळच शीळफाट्याला 4 एप्रिल 2013 ला एक बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. ते आठवलं की पावसाळ्यात आम्ही भिंतीवरच्या ओलीकडे फार वेळ बघत नाही. पाणी अर्धा-पाऊण तास येतं, तेवढ्यात पिंपं भरायची. एका गल्लीत इतके जिने, इतकी दारं की समोरच्या खिडकीतली फोडणी आपल्याच घरात बसते, आणि आजारपणात चमचाभर साखर लागली तर हाक मारायचीही गरज पडत नाही.

दिव्याच्या रेल्वे फाटकाचं तुम्हाला सांगायला नको. ते उघडं राहिलं की तुमची गाडी रखडते आणि तुम्ही दिव्याला शिव्या घालता. बंद राहिलं की रिक्षा, शाळेची पोरं, ॲम्ब्युलन्स सगळं अडतं आणि आम्ही कुणाला शिव्या घालाव्यात ते कळत नाही. उड्डाणपुलाचं काम वर्षानुवर्षं चाललंय. हाकेच्या अंतरावर म्हातार्डीला बुलेट ट्रेनचं स्टेशन होणार आहे म्हणे. अहमदाबादची सोय होईल, ठाण्याची बघू.

आणि वास. दिवा जवळ आलं की तुम्ही रुमाल नाकाला लावायचात, आता लावत नसाल, पण ती सवय मला पाठ आहे. तो कचरा आमचा नव्हता हो. शहरभरातला कचरा आमच्या उशाशी आणून टाकत होते. वर्षानुवर्षं त्याला आग लागायची, रात्री खिडक्या लावल्या तरी डोळे चुरचुरायचे. 2023 मध्ये तिथे टाकणं बंद झालं, पण वस्तीला चिकटलेलं नाव काही गेलं नाही. तुमच्या डोंबिवलीचा रस्ता 2020 साली रसायनांनी गुलाबी झाला होता, तेव्हा तुम्हाला कोणी नाक मुरडून "तसल्या वस्तीतल्या" म्हटलं होतं का? आणि खोट्या कागदांवर महारेराचे नंबर मिळवलेल्या त्या 65 इमारती, ज्या पाडायचा हुकूम हायकोर्टाने दिला, त्याही तुमच्याकडच्याच. तिथे घर घेणारे तर सगळं बघून, विचारून, बँकेचं कर्ज काढून फसले. मला त्यात आनंद नाही. एवढंच म्हणते की तुमच्या-आमच्यातलं अंतर एका स्टेशनापलीकडे फारसं नाही. तुमचे सासरे गिरगाव सोडून डोंबिवलीला आले, हे तुम्हीच डब्यात सांगितलंय. गिरगावातल्यांनीही तेव्हा "कुठे त्या जंगलात" म्हटलं असेलच की.

फास्ट थांबण्याचं म्हणाल, तर ती आम्हाला कोणी ओवाळणीत घातलेली नाही. 2 जानेवारी 2015 ला दिव्यात जे झालं, दगडफेक, जाळपोळ, त्याची बाजू मी घेणार नाही. माझी नणंद त्या दिवशी ठाण्याला अडकली होती. पण गाड्या रोज रखडत होत्या आणि ऐकायला कोणी नव्हतं, हेही खरं. फास्ट थांबायला लागली ती डिसेंबर 2016 मध्ये. तेव्हापासूनचा हा थांबा तुम्हाला खुपतो.

संक्रांतीचं मी विसरत नाहीये. डब्यात हळदीकुंकू होतं, तुम्ही डबा घेऊन फिरत होतात. वर्गणीचे पैसे माझ्याकडून आठवणीने घेतले होते. माझ्या शेजारच्या बाईला तिळगूळ दिला, वाणाची डबी दिली, मग माझ्याकडे बघितलंत आणि ओलांडून पलीकडच्या तिघींकडे गेलात. "आपल्या ग्रुपला पुरायला हवं ना." लाडवाचं दुःख नाही हो. घरी परातभर केले होते.

9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली. चौघं त्याच दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही दार सोडून आत सरकलात, आम्हाला हात दिलात, एकीची पिशवीसुद्धा वर घेतलीत. मला वाटलं, चला, आता तरी. आठवडाही टिकलं नाही. उलट मग ऐकलं, "दिव्याची गर्दी वाढली म्हणून हे होतं." दारात लटकणाऱ्याला आत जागा कोणी दिली नाही, हे तुमच्या हिशोबात कुठेच नव्हतं.

आता शेवटचं. परवा तुम्ही फोनवर धाकट्या भावाशी बोलत होतात, कानावर पडलं. डोंबिवलीत झेपत नाही, दिव्यात वन बीएचके बघतोय म्हणे. त्याला सांगा, नोटरीवर अजिबात घेऊ नकोस. बांधकाम परवानगीचा कागद मूळ बघ, नंबर ऑनलाइन तपासून घे, सातबारा काढ, आणि बिल्डर "सगळे असेच घेतात" म्हणाला की उठून ये. साबेगावाकडे एक-दोन इमारती कागदाने बऱ्या आहेत, दाखवायला रविवारी मी येईन. पाण्याची वेळही सांगेन. आणि सकाळची गाडी कुठल्या डब्याला पकडायची तेही. तुमचा डबा सोडून.

तुमची,
दिव्याला चढणारी