अंगठ्याची गोष्ट आणि टकळीचा धडा

इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे तोडले, हे विधान आपल्याकडील बहुतेक मुलांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते. त्याला भक्कम आधार नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्याच सेवेत राहिलेल्या विल्यम बोल्ट्सने 1772 साली लिहिले ते निराळे होते : बंगालमधील रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांनी सक्तीचे काम टळावे म्हणून स्वतःचेच अंगठे तोडून घेतले. ही हकीकत कमी भीषण नाही. परंतु गोष्टीत आयता खलनायक मिळाला, की विचार तेथेच थांबतो.

विचार करण्याजोगी बाब अशी, की लँकेशायरच्या यंत्राने सर्वांत आधी बुडविली ती कातणारी स्त्री. एका मागाला पुरेल इतके सूत काढण्यास अनेक चरखे लागत, आणि ते घरोघर, इतर कामांतून उरलेल्या वेळात चालत. गिरणीचे स्वस्त सूत आले व तिची मिळकत गेली. विणकरावरही आघात झाला. परंतु तेच सूत मागावर चढवून सोलापूर, मालेगाव, भिवंडी येथील विणकर टिकून राहिले. मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 साली सूतगिरणीची कंपनी स्थापन केली आणि देशी गिरण्या उभ्या राहू लागल्या. तेव्हा 1896 साली सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवून देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अबकारी कर लादला. तो 1926 साली रद्द झाला. अंगठा न तोडताही हात बांधता येतात, ते असे.

हे मुलांना शिकवावे कसे? देवनार-गोवंडीच्या वस्त्यांत अनेक घरी शिवणकाम व जरीकाम नगावर चालते. तेथील वर्गात टकळ्या आणि थोडे पेळू आणावेत. अर्धा तास कातून निघालेले सूत मुलांनी मोजावे आणि बाजारभावाने त्याचे काय मिळेल, ते वहीत मांडावे. 1937 च्या वर्धा परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले होते. पुढे सूतकताईचा उपचार तेवढा उरला, हिशेब राहून गेला.

अभ्यासक्रम संपवायचा केव्हा, ही शिक्षकांची शंका रास्त आहे. पण याला इतिहासाचा एक आणि गणिताचा एक, असे दोनच तास पुरेत.

ज्या मुलाची आई आज घरी बसून नगावर काम करते, त्याला ती कातणारी स्त्री परकी वाटणार नाही. अंगठ्याची गोष्ट ऐकून मूल संतापते आणि विसरते. हा हिशेब मांडल्यावर मात्र ते विचारील, की कामाचा भाव ठरवितो कोण? अर्थशास्त्राचा आरंभ याच प्रश्नापासून होतो.