गाय उठली, पण...

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने पुरंदरच्या काकांकडे जाणं झालं. जेवणं उरकल्यावर सहज गोठ्यात डोकावलो, तर कोनाड्यात डायक्लोफेनॅकच्या कुप्या! माणसांच्या अंगदुखीवरच्या. मी म्हटलं, "काका, हे गुरांना द्यायला बंदी आहे."

काका म्हणाले, "तू पुण्यात कॉम्प्युटर बडवतोस, मी चाळीस वर्षं गुरं राखतोय. सकाळी टोचलं की संध्याकाळी गाय उभी राहते. याहून मोठं शास्त्र कुठलं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण दिवे घाट उतरेपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तेव्हा काका, हे खास तुमच्यासाठी. (ताई वाचून दाखवेलच!)

गाय उठते हे शंभर टक्के खरं. सूज उतरते, ठणका थांबतो. प्रश्न गायीचा नाहीच मुळी. ती औषध घेतल्यावर एक-दोन दिवसांत दगावली आणि माळावर टाकली, तर पुढे काय होतं? गिधाड ते मांस खातं. त्याची मूत्रपिंडं बंद पडतात, युरिक ॲसिडचा पांढरा थर आतल्या अवयवांवर साचतो आणि पक्षी मरतो. हे गोठ्यात उभं राहून दिसत नाही. चाळीस काय, चारशे वर्षं उभं राहिलं तरी दिसणार नाही.

दिसलं ते कसं? नव्वदच्या दशकात भरतपूरला विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की गिधाडं झपाट्याने कमी होताहेत. आधी संशय होता एखाद्या साथीच्या रोगाचा. तो चुकला. मग पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं तपासली, जंतू, कीटकनाशकं, जड धातू असं एकेक कारण खोडत नेलं. शेवटी ते गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषध दुकानदारांकडे गेले आणि विचारलं, तुम्ही काय विकता? मूत्रपिंडं बिघडून मेलेल्या 25 पैकी 25 गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडलं. दुसऱ्या कारणाने मेलेल्या 13 मध्ये एकातही नाही. हे 2004 साली 'नेचर'मध्ये छापून आलं. म्हणजे दुकानदाराचा अनुभव तज्ञांनी झिडकारला नाही, पण त्यावर शिक्काही मारला नाही. तो तपासून पाहिला. तज्ञ लागतो तो एवढ्यासाठीच.

"पण मी एकट्याने टोचल्याने काय होतंय?" तर गणित असं, की माळावर टाकलेल्या हजार जनावरांपैकी एक ते आठ जनावरांत हे औषध असलं, तरी गिधाडं संपायला पुरेसं. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के घटली. हजारात एक उरलं!

आता तज्ञांचेही कान धरू. हे औषध गुरांसाठी बाजारात आलं तेव्हा मेलेलं जनावर कोण खातं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. 2006 साली गुरांसाठी बंदी आली, तर माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात शिरल्या. त्या 3 मिलीवर आणायला 2015 उजाडलं. गायीच्या शरीरात ॲसिक्लोफेनॅकचं डायक्लोफेनॅकच होतं, हे कळूनही ते आणि किटोप्रोफेन बंद व्हायला 2023! पण या चुका सापडल्या कुणाला? पुन्हा तपासणाऱ्यांनाच. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, हेही त्यांनीच तपासून सांगितलं. काका, तुमच्या गायीला तेही चालतं. फक्त गुरांच्या डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नको. आणि डॉक्टर साहेब, तुम्हीही नुसतं "बंदी आहे" म्हणून निघून जाऊ नका. का आहे, ते दूध डेअरीवर, मराठीत, दोन वाक्यांत सांगा.

निघताना काकांना विचारलं होतं, "तुमच्या माळावर पूर्वी गिधाडं उतरायची ना? कधीपासून दिसेनाशी झाली?"

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोण जाणे. एक दिवस लक्षात आलं, नाहीत."

चाळीस वर्षांचा अनुभव, काका!