टाक्या तारण, गाव जामीन

रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघाले की आरे-वारेच्या चढावर गाड्या थांबतात. खाली वाळूचे दोन पट्टे, त्यांच्या कडेने सुरूचे बन आणि समोर अरबी समुद्र. पाहुणे छायाचित्रे घेतात आणि पुढे जातात. ह्या किनाऱ्यावर रसायनांची एकही टाकी नाही. म्हणूनच बंदरांतील रसायन-साठ्याचा प्रश्न येथून पाहावा असे आम्हांस वाटते.

आरे-वारेच्या उत्तरेस शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडचे बंदर आहे. दक्षिणेस, रत्नागिरी शहर ओलांडल्यावर, रनपारच्या धक्क्यावर पीव्हीसीच्या कारखान्यासाठी एथिलीन आणि व्हिनाइल क्लोराइड यांसारखी द्रव्ये जहाजांतून उतरतात. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. आषाढात जयगडला काही सांडले किंवा पौषात रनपारला काही सांडले, तरी दोन्ही वेळा त्याचा ओघ आरे-वारेच्या दिशेनेच असणार. पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणच्या वाळूवर येऊन पडणारे डांबरगोळे कोणत्या जहाजाचे, हे आजवर कोणी येथल्या कोळ्याला सांगितलेले नाही. ज्या प्रकल्पाच्या नफ्यात गावाचा पैचाही वाटा नाही, त्याच्या धोक्यात मात्र गाव बिनबोभाट भागीदार होते.

हा धोका कल्पनेतला नाही. १२ डिसेंबर २०२४ रोजी जयगड परिसरात वायूगळती झाली आणि जवळच्या शाळेतील मुलांना श्वासाचा व मळमळीचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. पुढे चौकशीची भाषा झाली. वर्गात बसलेल्या मुलांना त्या दिवशी भोंगा ऐकू आला तर कोणत्या दिशेने पळायचे हे कोणी शिकवले होते काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला. साठा किती आहे, तो कसला आहे आणि अपघात झाल्यास शेजाऱ्यांनी काय करावे, हे त्यांना आधी सांगण्याचे बंधन घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी घातले. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गटाची तरतूद केली. कागद अपुरा होता असे कोणी म्हणू नये.

आपल्या कार्यकर्त्यांत ह्या विषयावर दोन तट पडतात. एक म्हणतो, प्रकल्पच नको. दुसरा म्हणतो, पोरे मुंबईला जाऊन चाळीत आणि झोपडीत राहतात, त्यांना येथे काम मिळू द्या. पहिल्या तटाविषयी आम्हांस आदर आहे, तरी एक आठवण द्यावीशी वाटते. १९९३-९४ साली रत्नागिरीने लढा देऊन स्टरलाइटचा तांबे-प्रकल्प परतवला. तो तुतिकोरिनला गेला. २२ मे २०१८ रोजी तेथे त्याच प्रकल्पाविरुद्ध निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि १३ माणसे मेली. आपला विजय खरा होता. परंतु भांडवलाने केवळ पत्ता बदलला आणि किंमत दुसऱ्या किनाऱ्याने मोजली. दुसऱ्या तटाला आमचे एवढेच विचारणे आहे की, ज्या कंपनीत मुलगा कामाला लागणार ती कंपनी अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कोणाची असेल, हे त्याने कधी पाहिले आहे काय?

खरी गोम येथे आहे. मोठा उद्योगसमूह असा प्रकल्प बहुधा स्वतःच्या नावावर उभारीत नाही. तो त्या प्रकल्पापुरती एक वेगळी कंपनी काढतो. शंभर रुपयांत साधारण सत्तर रुपये कर्जाचे असतात, आणि ते कर्ज बहुतांशी बँकांचे, म्हणजे तुमच्याआमच्या ठेवींचे असते. त्या कर्जापोटी टाक्या, नळवाहिन्या, धक्क्याचे हक्क, येणारे भाडे, सारे काही तारण लिहून दिलेले असते. उद्या अपघात झाला तर ह्या कंपनीपाशी गहाण नसलेली वस्तू बहुधा दारावरची पाटी तेवढी उरेल. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत तारणधारक धनको आणि कामगारांचे २४ महिन्यांचे थकीत वेतन एका पायरीवर ठेवले आहे. जाळे कुजले म्हणून भरपाई मागणारा मच्छीमार किंवा मोहोर करपला म्हणून दावा लावणारा बागायतदार बिनतारणी ठरतो आणि खालच्या पायरीवर उभा राहतो.

दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या वायूगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये पूर्ण उत्तरदायित्वाचे तत्त्व सांगितले. घातक धंदा करणाऱ्याला कोणतीही सबब नाही, आणि उद्योग जितका मोठा व समर्थ तितकी भरपाई मोठी, असा तो निर्णय होता. भोपाळची जखम तेव्हा ओली होती. ह्या तत्त्वाला भांडवलदारांनी उघड विरोध केला नाही. अपघाताला उत्तरदायी असणारा उद्योगच कागदोपत्री लहान आणि कर्जात बुडालेला ठेवला की तत्त्व आपोआप पांगळे होते, हे त्यांच्या वकिलांना पुरेपूर ठाऊक आहे. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला तेव्हा त्यात मृत्यूपोटी तातडीची मदत होती २५,००० रुपये, आणि ती रक्कम तीन दशके तशीच राहिली. तेवढ्या काळात हापूसच्या पेटीचा भाव कोठून कोठे गेला!

कर्ज आणि सुरक्षितता ह्या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी आहेत, असे समजण्याची चूक आपण करतो. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यात टाळेबंदीमुळे पडून असलेल्या टाकीतील स्टायरीन तापले आणि त्याच्या वाफेने झोपेतली माणसे मेली. हे द्रव्य सतत गार ठेवावे लागते आणि त्यात प्रतिबंधक रसायन घालत राहावे लागते. दोन्ही नित्याचे खर्च आहेत. कर्जाच्या हप्त्याची तारीख चुकली तर बँक दारात येते. टाकी गार ठेवण्याचा खर्च चुकला तर दुर्घटना होईपर्यंत कोणीच येत नाही. म्हणून अडचणीच्या वर्षी काटकसर कोठे होणार, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्या कंपनीला दुसऱ्याच दिवशी ५० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. तिच्या पाठीशी परदेशातील बलाढ्य मालक होता म्हणून अशा आदेशाला काही अर्थ तरी होता.

आणि मालकच बुडाला तर? ह्याचा पाठ रत्नागिरी जिल्ह्याने गुहागरात घेतला आहे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाला केंद्र सरकारची प्रतिहमी होती आणि आयडीबीआय, स्टेट बँक यांसारख्या संस्थांचे कर्ज होते. मे २००१ मध्ये वीजखरेदी थांबली, डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली, आणि २००५ साली एनटीपीसी व गेल ह्या सार्वजनिक कंपन्यांना तो पांढरा हत्ती पोसण्यासाठी पुढे यावे लागले. तेथल्या वायू टर्मिनलचा लाटारोधक बंधारा कित्येक वर्षे अपुरा राहिला, त्यामुळे पावसाळ्यात जहाजे लागत नसत. पैसा आटला की जे काम अर्धवट राहते ते बहुधा संरक्षणाचेच असते, याची साक्ष तो बंधारा देत उभा होता.

म्हणून आमची मागणी पर्यावरण खात्याइतकीच बँकांकडे आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. प्रकल्प-कंपनीच्या मूळ मालकाने अपघाताच्या भरपाईची अमर्याद हमी लिहून द्यावी. कर्जाचा पहिला हप्ता सुटण्याआधी सुरक्षा व पुनर्भरणाचा निधी रोख जमा व्हावा, तो बँकेच्या तारणाबाहेर राहावा, आणि तो भरलेला नसेल त्या वर्षी लाभांश वाटता येऊ नये. ह्यात अघटित काही नाही. कोळसा खाण बंद करतानाच्या खर्चासाठी खाणमालकांनी वेगळ्या खात्यात पैसे ठेवण्याचा दंडक केंद्राने २००९ सालीच घातला. खाणीला जे लागू होते ते टाकीला का नसावे? कर्जकरारातील पर्यावरणविषयक अटी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात, हेही आम्ही मागतो. व्यापारी गुपिताची सबब येथे चालू नये. पैसा ठेवीदाराचा आहे.

असे केल्यास प्रकल्प दहेजला जातील, असे सांगितले जाईल. काही जातीलही. तेव्हा ही मागणी गुजरातमधील आपल्या साथींनीही त्याच शब्दांत करावी लागेल. नाहीतर तुतिकोरिनची पुनरावृत्ती ठरलेली आहे.

जाहीर सुनावणीची सूचना निघाल्यापासून निदान ३० दिवस मिळतात. अहवालाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहावयास ठेवावी लागते, व त्याचा सारांश मराठीत द्यावा लागतो. मासे आणि आंबे ह्यांवर बोलणारे सुनावणीत पुष्कळ असतात, त्यांनी बोलावेच. प्रत्येक गावातून निदान एका कार्यकर्त्याने मात्र उभे राहून तीन कागद मागावेत: प्रकल्प-कंपनीच्या भागधारकांची यादी, कर्ज देणाऱ्या बँकांची यादी आणि मूळ मालकाचे हमीपत्र. मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि इतिवृत्तात तिची नोंद झाल्याशिवाय सभागृह सोडू नये.