भातावरील ढेकण्या व आपला शिरस्ता

नाणे मावळांत काय किंवा लोणावळ्याकडील खाचरांत काय, भात निसवूं लागलें कीं सकाळीं बांधावरून जातांना एक उग्र दर्प नाकास झोंबतो. हा ढेकण्या. कोंवळ्या दाण्यांतील दूध तो व त्याचीं हिरवट पिल्लें सोंडेनें शोषून घेतात. दाणा पोचट राहतो. भरला तरी डाग पडून गिरणींत तुकडा होतो. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें १९८७ सालीं दिलेल्या इंद्रायणीस भाव मिळतो तो तांदुळाच्या रूपावर व वासावर. तेव्हां हें नुकसान केवळ वजनाचें नाहीं.

यावर आपला शिरस्ता असा कीं, शेजाऱ्यानें पंप पाठीवर घेतला कीं आपणही घ्यावा. औषधाशीं आमचें भांडण नाहीं, ह्या शिरस्त्याशीं आहे. महसुली दप्तरांत गटांच्या सीमा लिहिण्यांत आमची हयात गेली. पण ढेकण्या सातबारा वाचीत नाहीं. एकट्यानें फवारलें तर तो उडून पलीकडच्या खाचरांत जातो व पुढें परत येतो. ऊन चढल्यावर तो बुडख्याशीं व बांधाच्या गवतांत दडतो. म्हणून दुपारची फवारणी बहुधा वायां जाते. सकाळीं लवकर किंवा सायंकाळीं, वारा पडला असतां, साऱ्या वाडीनें एकाच दिवशीं कडेकडून आंत येत फवारावें. तत्पूर्वीं मोजावें. चुडास सरासरी एक ढेकण्याही न दिसल्यास पंप घरींच ठेवावा. दाणा टणक झाल्यावर फवारणें तर पैसा पाण्यांत घालणेंच होय.

आणि तें पाणी कोठें जातें? एका खाचरांतून दुसऱ्यांत उतरत तें शेवटीं इंद्रायणीस मिळतें. वाटेंत त्यावर गुरें येतात. बीएचसी भुकटीवर १९९७ सालीं व मेथिल पॅराथिऑनवर २०१८ सालीं बंदी आली, ती उगीच नव्हे. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. माळ्यावर जुना डबा असेल त्यांनीं तो उघडूं नये. कृषि सहाय्यकास विचारून, भातासाठीं मान्य असलेलें औषधच पावती घेऊन आणावें.

जें खाचर सर्वांआधीं किंवा सर्वांमागून निसवतें, तेथें ही कीड लोटते. यास्तव एका पट्ट्यांतील लावण्या आठ दिवसांच्या आंत उरकाव्या, भात निसवण्यापूर्वीं बांधांवरील गवत सर्वांनीं मिळून कापावें, व फवारणीचा दिवस ठरल्यास तो सोसायटीच्या फळ्यावर आदल्या दिवशीं लिहावा, म्हणजे गुराख्यांसही कळेल.