तारे आणि तक्रारी

नवी मोटार दारात आली की तिची पूजा होते, नारळ फुटतो आणि पहिला फेरा मारण्यापूर्वी चाकाखाली लिंबू ठेवले जाते. गाडीला दृष्ट लागू नये, अपघात टळावा, ही त्यामागची भावना. योगायोग असा की, अमेरिकेच्या बोलीभाषेत जिच्यात खोट निघते त्या मोटारीलाच 'लिंबू' म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये या 'लिंबांच्या बाजारा'वर एक छोटा निबंध लिहिला आणि २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना जो वाटा मिळाला, त्यामागे हा निबंध होता. त्याचा गाभा साधा आहे. मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. मग घेणारा सरासरी दर्जा गृहीत धरून सरासरी किंमत देऊ करतो. चांगल्या मालाच्या मालकाला ती परवडत नाही. तो बाजारातून उठून जातो आणि मागे हिणकस माल उरतो. ॲकरलॉफ यांचे उदाहरण वापरलेल्या मोटारींचे होते. परंतु सुरक्षितता या एका गुणापुरते पाहिले, तर भारतातील छोट्या नव्या मोटारींच्या बाजारालाही ते बेमालूम लागू पडत आले आहे. रंग, आसने, इंधनाचा खर्च हे सारे दुकानात दिसते किंवा विचारता येते. समोरून धडक बसली असता सुकाणूचा दांडा छातीत घुसेल की नाही, हे तेथे दिसत नाही.

नॅनोची कहाणी या दृष्टीने आठवण्याजोगी आहे. स्कूटरवर दाटीवाटीने बसलेल्या चौघांच्या कुटुंबाला पावसापासून आणि अपघातापासून वाचवावे, या उदात्त कल्पनेतून जन्मलेली ही मोटार मार्च २००९ मध्ये मुंबईत बाजारात आली. पुढच्याच वर्षी, मार्च २०१० मध्ये, दुकानातून घरी नेली जात असताना एका नव्याकोऱ्या नॅनोने मुंबईतच भर रस्त्यात पेट घेतला. अशा आणखीही घटना नोंदवल्या गेल्या. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने विद्युत यंत्रणेला आणि धूर बाहेर टाकणाऱ्या नळीला जादा संरक्षण विनामूल्य बसवून देऊ केले. मात्र हे गाड्या 'परत बोलावणे' नव्हे, असे आवर्जून सांगितले. या शब्दाचे भय आपल्याकडील कारखानदारीला किती वाटत असे, हे त्यावरून कळावे. पुढे जानेवारी २०१४ मध्ये याच मोटारीची धडक चाचणी झाली आणि तिला एकही तारा मिळाला नाही. मालकांची तक्रार आणि प्रयोगशाळेचा निकाल या दोन्ही वाटांनी माहिती बाहेर आली. पण दोन्ही वेळा ती गाड्या विकल्या गेल्यानंतर आली.

२०१४ ची ती चाचणी ग्लोबल एनकॅप या ब्रिटनस्थित संस्थेने घेतली होती. ताशी ६४ किलोमीटर वेगाने मोटार एका दबणाऱ्या अडथळ्यावर अशी आदळवायची की, तिच्या पुढच्या भागाचा चाळीस टक्केच हिस्सा धडकेत सापडावा. समोरून येणारे वाहन चुकवताना अर्धवट धडक बसते, तिचे हे अनुकरण. ऑल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो या पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. कारखानदारांच्या संघटनेचे उत्तर असे होते की, या गाड्या भारतीय कायद्याची पूर्तता करतात. उत्तर खरे होते, आणि तेच अधिक लाजिरवाणे होते. कारण अशा धडकेची अटच त्या काळी भारतीय कायद्यात नव्हती. पाचांपैकी पोलोच्या निर्मात्यांनी एअरबॅग नसलेला प्रकार विक्रीतून काढला आणि दोन एअरबॅगांसह तीच गाडी पुन्हा चाचणीला उभी केली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. सांगाडा मजबूत होता. दोन पिशव्या वाचवल्या गेल्या होत्या. इतर काही गाड्यांचा सांगाडाच धडकेत कोलमडला होता आणि तेथे एअरबॅग बसवूनही फारसे साधले नसते. एअरबॅगांची संख्या आणि सांगाड्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जाहिरातींच्या गदारोळात ग्राहकाला आजही कोणी समजावून सांगत नाही.

माहिती उघड झाली की बाजार हलतो, याचा जुना दाखला युरोपात आहे. १९९७ च्या फेब्रुवारीत युरो एनकॅपचे पहिले निकाल लागले, तेव्हा कारखानदारांनी निकष अवास्तव असल्याचा गिल्ला केला. प्रवाशांच्या संरक्षणासाठी चार तारे मिळवणे अशक्य आहे, असे ते म्हणत होते. त्याच वर्षी जुलैत व्हॉल्वोच्या एका गाडीने चार तारे मिळवले. रोव्हर १०० या जुनाट छोट्या मोटारीला एकच तारा मिळाला होता. तिचा खप कोसळला आणि वर्षभराच्या आत तिचे उत्पादन थांबले. कायद्याने तिच्यावर बंदी घातली नव्हती. गिऱ्हाइकांनी निकाल वाचला, एवढेच.

आपल्याकडेही चित्र बदलले, हे नाकारण्याचे कारण नाही. समोरील व बाजूच्या धडकेच्या चाचण्या नव्या मोटारींना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून बनत असलेल्या मोटारींना ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीच्या झाल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनने भारतीय बनावटीच्या गाडीसाठी पहिले पाच तारे मिळवले. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही स्वदेशी मूल्यांकन पद्धती सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. आधीच्या डिझायरला दोनच होते. त्या कंपनीच्या कोणत्याही मोटारीला मिळालेले हे पहिले पाच तारे. छोट्या मोटारीत सुरक्षितता बसवणे परवडत नाही, या म्हणण्याला याहून बोलके उत्तर नसावे.

तथापि, ताऱ्यांचा अर्थ नीट न कळल्यास त्यांचा उपयोग दिशाभूल करण्यासाठीच अधिक होईल. कायद्याने सक्तीची असलेली समोरील धडक ताशी ५६ किलोमीटरची आहे, ताऱ्यांसाठीची ६४ ची. फरक आठच किलोमीटरचा दिसतो. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने प्रत्यक्षात ती सुमारे तीस टक्क्यांनी जास्त भरते. म्हणजे 'कायद्याने मान्य' आणि 'पाच तारे' यांत मोठे अंतर आहे. दुसरे असे की, छोट्या मोटारीचे पाच तारे आणि दोन टनी मोटारीचे पाच तारे सारखे नव्हेत. या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर वस्तुमानाचा नियम ताऱ्यांना विचारत बसणार नाही. आणि चाचणीतील पुतळा नेहमी सीटबेल्ट लावून बसतो! आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता.

याहून मूलभूत उणीव वेगळीच आहे. भारत एनकॅप ऐच्छिक ठेवण्यात आली. आपली गाडी नापास होणार हे ठाऊक असलेला कारखानदार ती स्वतःहून परीक्षेला का बसवील? ज्या परीक्षेला कोणी बसायचे हे विद्यार्थीच ठरवतात, तिचा निकाल उत्तमच लागायचा. वॅगन आर या मोटारीला ग्लोबल एनकॅपने एप्रिल २०२३ मध्ये एकच तारा दिला आणि तिचा सांगाडा अस्थिर ठरवला. तरी २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सर्वाधिक खपलेली मोटार तीच होती. पुढे २०२५ मध्ये तिच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅगा आल्या, हे नमूद केले पाहिजे. पण त्याआधी ती घेणाऱ्या लाखोंपैकी किती जणांच्या हाती तो निकाल पडला असेल? दुकानात गाडीच्या काचेवर निकालाचा कागद लावण्याची सक्ती असती, तर हा प्रश्न विचारावाच लागला नसता.

आता तक्रारींकडे वळू. चाचणीतील मोटार कोरी करकरीत असते. पावसाळ्यात सडणारी तार, वर्षभराने झिरपणारे ब्रेकचे तेल, वळणावर दगा देणारा सुकाणूचा सांधा, हे दोष त्या दिवशी तिच्यात नसतात. ते प्रथम कळतात मालकाला. जानेवारी २०२३ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्या एअरबॅगचे नियंत्रण करणाऱ्या सुट्या भागात दोष असण्याच्या शंकेवरून. धडकेच्या क्षणी एअरबॅग उघडेलच असे नाही, म्हणून तो भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नये, असा सल्ला मालकांना देण्यात आला होता. तारे देताना ज्या पिशवीचा हिशेब धरला जातो, तीच ऐनवेळी मिटलेली राहण्याचा हा धोका कोणत्याही ताऱ्यात दिसत नाही. कंपनीने तो स्वतःहून जाहीर केला, याचे श्रेय तिला द्यावे. २०१० नंतर एवढा फरक पडला आहे.

कायदाही बदलला. २०१२ पर्यंत गाड्या परत बोलावण्याविषयी नियमच नव्हता. त्या वर्षी कारखानदारांच्या संघटनेने एक ऐच्छिक संहिता केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११० अ हे कलम आले आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक प्रमाणात मालकांनी दोष कळवल्यास, किंवा चाचणी संस्थेने वा अन्य कोणी तो दाखवून दिल्यास, सरकार गाड्या परत घेण्याचा हुकूम काढू शकते. कलम चांगले आहे. अडचण आहे ती 'ठरावीक प्रमाणा'त. शंभर मालकांना एकच दोष आढळला, तरी प्रत्येकाला वाटते तो आपल्यापुरताच आहे. कार्यशाळेतला माणूस सांगतो, "सगळ्याच गाड्यांना असा आवाज येतो, साहेब". कागदावर 'तपासले, ठीक आहे' असा शेरा पडतो आणि तक्रार तेथेच विरते. नागपूरच्या मालकाला कोल्हापूरच्या मालकाचे कळत नाही. दोघांचे कळते ते कंपनीला.

अमेरिकेत वाहन सुरक्षिततेचा कायदा १९६६ साली झाला. तेथील सरकारी संस्थेकडे कोणीही मालक तक्रार नोंदवू शकतो आणि ती तक्रार, नाव-पत्ता वगळून, कोणालाही वाचता येते. मोटार घेऊ इच्छिणारा गृहस्थ दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी त्या गाडीच्या ब्रेकविषयी लोक काय म्हणतात, हे पाहू शकतो. आपल्याकडे तक्रार नोंदवण्याची सोय झाली; ती इतरांनी वाचण्याची झाली नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर माहितीची विषमता तशीच राहिली. फक्त तिची एक प्रत सरकारदप्तरी जमा होऊ लागली.

तक्रारींवर आंधळा विश्वास ठेवावा, असा याचा अर्थ नव्हे. समाधानी मालक लिहायला बसत नाही, संतापलेला बसतो. अधिक खपणाऱ्या गाडीच्या तक्रारीही अधिकच असणार. म्हणून दर हजार गाड्यांमागे किती, हे पाहायला हवे. दरवाजाची कुरकुर आणि ब्रेकचा दोष एकाच यादीत मोजणे हास्यास्पद ठरेल. या मर्यादांवरचा उपाय आकडे शास्त्रशुद्ध रीतीने मांडणे हाच आहे. ते दडवणे नव्हे.

राहिला प्रश्न किमतीचा. सुरक्षिततेचे नियम कडक केले तर छोटी मोटार महागेल, गरजू कुटुंब दुचाकीवरच राहील आणि दुचाकी त्याहून धोक्याची, असा युक्तिवाद कारखानदार करतात. तो टाकाऊ नाही. २०२२ मध्ये रस्त्यावर मेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक लोक दुचाकीवरचे होते. पण हा युक्तिवाद करताना सरकारने छोट्या मोटारीला आधीच किती मोठी सवलत दिली आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. २००६ च्या अंदाजपत्रकात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील अबकारी २४ टक्क्यांवरून १६ वर आणली गेली. त्याचा परिणाम पाहण्यासारखा झाला. डिझायर ही मोटार २००८ मध्ये चार मीटरहून लांब होती. २०१२ मध्ये तिची शेपटी छाटून ती ३,९९५ मिलिमीटरची करण्यात आली. कराच्या पाच मिलिमीटर अलीकडे! सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तोही लांबी आणि इंजिन मोजूनच.

जो कर पत्रा कापायला लावू शकतो, तो पत्रा मजबूत करायलाही लावू शकतो. सवलतीचा काही भाग तरी ताऱ्यांशी जोडला, म्हणजे भारत एनकॅपची परीक्षा न देणाऱ्या किंवा तीनपेक्षा कमी तारे मिळवणाऱ्या मोटारीला तो मिळणार नाही असे ठरवले, तर सक्तीचा नवा कायदा करण्याचीही गरज पडणार नाही. सरकारच्या तिजोरीवर याचा जादा भार नाही. ग्राहकाच्या खिशाला थोडी झळ लागेल, पण ती सवलतीच्या आतच. सवलत देताना सरकारने आजवर मोटारीची लांबी मोजली, ताकद मोजली नाही.

यातून एक वर्ग मात्र सुटतोच. चालकाची एअरबॅग सर्व मोटारींत जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशाची २०२१ च्या अखेरीस सक्तीची झाली. त्यापूर्वी विकल्या गेलेल्या, शून्य तारे मिळवलेल्या कित्येक मोटारी आता पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, शहरातून तालुक्याच्या गावी जात आहेत. त्या घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची ती पहिलीच मोटार असते. दलाल किलोमीटर दाखवतो, टायर दाखवतो, विम्याचा कागद दाखवतो. त्या गाडीच्या चाचणीचा निकाल काय होता आणि ती कधी परत बोलावली गेली होती का, हे नोंदणी पुस्तकात लिहिलेले नसते.